अंतर लपवण्याचा प्रयोग: वितरित ऑपरेटिंग सिस्टीममधल्या ऑब्जेक्टचा इतिहास

नेटवर्कने जोडलेली अनेक यंत्रे वापरणाऱ्याला एकच यंत्र वाटावीत अशा रीतीने चालवणाऱ्या प्रणालीला वितरित ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. अशा प्रणालीची गरज १९७० च्या दशकाच्या अखेरीस भासू लागली. तोवर एक मोठा संगणक आणि त्याला जोडलेले टर्मिनल ही नेहमीची मांडणी होती. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना पुढे आली, पाठोपाठ टेबलावर मावणारी वर्कस्टेशन आली आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत एका मोठ्या यंत्राऐवजी पाचपन्नास लहान यंत्रे दिसू लागली. फाइल एकीकडे, प्रिंटर दुसरीकडे, हिशेब करणारा प्रोसेसर तिसरीकडे. या सगळ्यांना नावे कशी द्यायची, दुसऱ्या यंत्रावरची गोष्ट वापरायची कशी, कोणाला वापरू द्यायची आणि गरज पडली तर ती हलवायची कशी, हे प्रश्न एकदमच समोर ठाकले.

या चारही प्रश्नांना ऑब्जेक्ट हे एकच उत्तर पुरेल, असे त्या पिढीतल्या बऱ्याच संशोधकांना वाटले, आणि ते अगदी अनाठायी नव्हते. ऑब्जेक्टमध्ये माहिती आणि तिच्यावर करायच्या क्रिया एकत्र असतात. बाहेरच्याला आतल्या माहितीला थेट हात लावता येत नाही, ठरलेली क्रिया करायला सांगता येते एवढेच. सांगणे आणि करणे असे वेगळे झाले की करणारा शेजारच्या मेमरीत आहे की दुसऱ्या इमारतीत, याच्याशी सांगणाऱ्याला कर्तव्य उरत नाही. नाव, संरक्षण, वापर आणि स्थलांतर या सगळ्यांचे एकक एकच होते. पुढची वीसेक वर्षे या कल्पनेवर अमेरिकेत आणि युरोपात प्रणालींमागून प्रणाली उभ्या राहिल्या. आज त्यांतली एकही मूळ रूपात कोणाच्या रोजच्या वापरात नाही. त्यांचे अवयव मात्र जवळपास सगळीकडे आहेत.

प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासात ऑब्जेक्टचे मूळ नॉर्वेतल्या सिम्युला ६७ या भाषेत शोधतात. ऑपरेटिंग सिस्टीमवाले मात्र तिथे वेगळ्या वाटेने, संरक्षणाच्या प्रश्नातून पोहोचले. १९६६ मध्ये एमआयटीतल्या जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी कॅपेबिलिटीची कल्पना मांडली. कॅपेबिलिटीत एखाद्या गोष्टीचा निर्देश आणि तिच्यावर काय काय करता येईल याची परवानगी ही दोन्ही एकत्र बांधलेली असतात. सायकल स्टँडवरच्या बिल्ल्यासारखाच हा प्रकार: बिल्ला ज्याच्या हाती त्याला सायकल मिळते, त्याचे नाव कोणी यादीत शोधत बसत नाही. अर्थात बिल्ला घरी बनवता येत असेल तर सगळेच मुसळ केरात; म्हणून खोटी कॅपेबिलिटी कशी रोखायची हा या परंपरेतला कळीचा प्रश्न राहिला.

कार्नेगी मेलन विद्यापीठात विल्यम वुल्फ आणि सहकाऱ्यांनी बांधलेल्या हायड्रा या प्रणालीने हे काम कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, सोपवले. १९७४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. सी.एमएमपी नावाच्या यंत्रात सोळापर्यंत पीडीपी-११ संगणक एकाच सामाईक मेमरीला जोडता येत आणि हायड्रा ते सगळे एकत्र चालवी. तिच्यात प्रत्येक गोष्ट ऑब्जेक्ट होती, प्रत्येकाला प्रकार होता, आणि नवे प्रकार वापरणाऱ्यालाही निर्माण करता येत. कॅपेबिलिटी कर्नलच्या ताब्यातल्या मेमरीत असल्यामुळे साध्या प्रोग्रॅमला त्या बनवता येत नसत. हायड्रावर काम केलेले काही जण पुढे इंटेलमध्ये गेले. तिथे १९८१ मध्ये आयएपीएक्स ४३२ हा प्रोसेसर आला. त्यात ऑब्जेक्ट आणि त्यांचे संरक्षण थेट हार्डवेअरमध्ये घातले होते. तो इतका संथ निघाला की साध्या बांधणीच्या समकालीन प्रोसेसरांपुढे त्याचा टिकाव लागला नाही. प्रत्येक पावलाला तपासणी केली की किंमत मोजावी लागते, हा धडा या इतिहासात पुन्हापुन्हा भेटतो.

हायड्रा एका यंत्रापुरती होती. ऑब्जेक्ट नेटवर्कवर नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९८० च्या सुमारास सुरू झाला. ईडन हे त्याचे नाव. गाय अल्मेस, अँड्र्यू ब्लॅक, एडवर्ड लाझोव्स्का आणि जेरी नो हे त्यातले प्रमुख. ईडनच्या ऑब्जेक्टला ईजेक्ट म्हणत. तो केवळ माहितीचा साठा नव्हता, स्वतःची प्रोसेस घेऊन जिवंत असलेला घटक होता. प्रत्येकाला साऱ्या नेटवर्कवर एकमेव असे नाव असे आणि त्या नावाने हाक मारली की तो जिथे असेल तिथे ती पोहोचे. ईजेक्ट आपली स्थिती डिस्कवर नोंदवून ठेवू शके. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले तर पुढच्या हाकेसरशी त्या नोंदीवरून तो उभा राही. या पायावर मेल पाठवण्याची व्यवस्थाही बांधून पाहिली गेली.

अडचण आकाराची होती. ईडन युनिक्सवर चालत असे आणि प्रत्येक ईजेक्ट म्हणजे युनिक्सची एक अख्खी प्रोसेस. त्यामुळे एकाच यंत्रावरच्या दोन ईजेक्टमधला संवादही महागात पडे. मग प्रोग्रॅमर काय करणार? मेलबॉक्ससारखी मोठी गोष्ट ईजेक्ट करायची आणि आतल्या याद्या, नोंदी, आकडे साध्या चलांत ठेवायचे. परिणाम असा की एकाच प्रोग्रॅममध्ये दोन जगे नांदू लागली: बाहेरचे ईजेक्टचे आणि आतले साध्या माहितीचे, दोघांचे नियम वेगळे. आज लहान असलेली गोष्ट उद्या दुसऱ्या यंत्रावर न्यायची झाली, तर ती नव्याने लिहावी लागे.

याच वैतागातून एमराल्ड ही भाषा जन्मली. सिएटलला एमराल्ड सिटी म्हणतात, त्यावरून हे नाव. १९८३-८४ च्या सुमारास एरिक जूल आणि नॉर्मन हचिन्सन हे दोन पीएच.डी.चे विद्यार्थी आणि अँड्र्यू ब्लॅक व हेन्री लेव्ही हे दोन अध्यापक यांनी हे काम हाती घेतले. ऑब्जेक्ट एका आकड्याएवढा असो की सबंध डिरेक्टरीएवढा, प्रोग्रॅमरने तो एकाच पद्धतीने लिहायचा, आणि स्वस्त बांधणी कुठे पुरेल व महाग कुठे लागेल हे कंपायलरने ठरवायचे, असा त्यांचा पवित्रा होता. जो ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या आत कायमचा बंदिस्त आहे, त्याचा निर्देश बाहेर जातच नाही, त्याला कंपायलर साध्या चलासारखे वागवी. ज्याचा निर्देश नेटवर्कभर फिरू शकतो, त्याच्यासाठी पूर्ण सरंजाम उभा करी. मूळ लिखाणात फरक नाही.

एमराल्डचे खरे वैशिष्ट्य म्हणजे चालू असलेला ऑब्जेक्ट हलवता येणे. हे सांगायला सोपे, करायला अवघड आहे. ऑब्जेक्टची एखादी क्रिया चालू असताना तिचे तात्पुरते चल आणि परत कुठे जायचे याचा पत्ता स्टॅकवर असतो. त्या स्टॅकवर इतर ऑब्जेक्टच्या क्रियांचे थरही असतात. एक ऑब्जेक्ट दुसऱ्या यंत्रावर न्यायचा तर स्टॅकमधले नेमके त्याचे थर वेगळे काढून त्याच्यासोबत धाडावे लागतात. उरलेला स्टॅक दोन यंत्रांत विभागला जातो आणि तरी काम संपल्यावर परतीची वाट बरोबर सापडली पाहिजे. त्यात भर म्हणजे मेमरीतले पत्ते नव्या यंत्रावर निरर्थक होतात. म्हणून प्रत्येक थरात कुठल्या जागी पत्ता आहे आणि कुठे नुसता आकडा, याचा नकाशा कंपायलर आधीच लिहून ठेवी, आणि त्यावरून नव्या यंत्रावर सगळे पत्ते दुरुस्त केले जात.

हललेला ऑब्जेक्ट शोधायचा कसा? जुन्या यंत्रावर पुढचा पत्ता ठेवला जाई, त्यासोबत किती वेळा हलला याचा क्रमांकही. दोन यंत्रांनी वेगवेगळे पत्ते सांगितले तर मोठ्या क्रमांकाचा खरा. साखळी मध्येच तुटली तर सगळ्या यंत्रांना विचारायचे. दुसऱ्या यंत्रावरच्या मेलबॉक्सला पत्र देताना पत्राचा ऑब्जेक्ट इथेच राहिला, तर त्यातली प्रत्येक ओळ वाचायला नेटवर्कवरून फेरी पडते. म्हणून कॉलसोबतच आर्ग्युमेंट तिकडे हलवण्याची सोय भाषेत घातली होती. मेलच्या एका प्रयोगात अशा हलवण्यामुळे नेटवर्कवरची वर्दळ सुमारे एक तृतीयांशाने घटली.

जूल, लेव्ही, हचिन्सन आणि ब्लॅक यांचा यावरचा निबंध १९८८ मध्ये आला. त्यातली मोजमापे मायक्रोव्हॅक्स टू यंत्रे आणि १० मेगाबिटचे इथरनेट यांवरची होती. एकाच यंत्रावरच्या ऑब्जेक्टला केलेला कॉल सुमारे २० मायक्रोसेकंदांत होई, म्हणजे साध्या सी फंक्शनच्या जवळपास. दूरच्या ऑब्जेक्टला केलेल्या कॉलला २८ मिलिसेकंद लागत. लिहिताना दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या, चालताना हजार पटींहून जास्त फरक. पहिल्या आकड्याचे कौतुक झाले ते योग्यच होते; दुसऱ्याकडे मात्र बघायला हवे होते तेवढे त्या काळी कोणी बघितले नाही.

अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये वेगळाच सूर लागला. तिथल्या क्लाउड्स या प्रणालीत ऑब्जेक्टला स्वतःची प्रोसेस नव्हती. तो म्हणजे मेमरीचा एक निद्रिस्त, कायम टिकणारा तुकडा; थ्रेड बाहेरून येतो, त्यात शिरतो, काम करतो आणि पुढच्या ऑब्जेक्टमध्ये जातो, मग तो दुसऱ्या यंत्रावर का असेना. माहिती ऑब्जेक्टमध्येच टिकत असल्याने निराळ्या फाइलची गरज नाही, आणि दोन थ्रेडना एकच ऑब्जेक्ट सामाईक असल्याने निराळ्या संदेशाचीही नाही, असा क्लाउड्सचा दावा होता. कल्पना देखणी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी जेम्स ऑल्चिन आणि मार्टिन मॅकेंड्री यांनी ती रचली, तेव्हा भर यंत्रे बंद पडूनही काम अर्धवट न राहण्यावर होता. पुढे पार्थ दासगुप्ता, रिचर्ड लेब्लांक, मुस्ताक अहमद आणि उमाकिशोर रामचंद्रन यांनी रा नावाच्या लहान कर्नलवर ती सन-३ यंत्रांसाठी नव्याने बांधली.

ॲमस्टरडॅमच्या व्रीए विद्यापीठात अँड्र्यू टॅनेनबॉम आणि सापे मुलेंडर यांनी १९८१ पासून घडवलेली अमीबा या सगळ्यांत सर्वांत व्यवहारी होती. तिचे ऑब्जेक्ट मोठे आणि जुजबी: फाइल, डिरेक्टरी, मेमरीचा भाग, प्रोसेस. प्रत्येकाची देखभाल एकेक सर्व्हर करी. अमीबातले पाहण्यासारखे काम कॅपेबिलिटीचे. हायड्रात कर्नल एकच होता आणि त्याच्यावर विश्वास होता. शंभर यंत्रांच्या नेटवर्कवर एखाद्याने आपल्या यंत्राचा कर्नलच बदलला तर? म्हणून अमीबाने कॅपेबिलिटी कर्नलच्या हातून काढून घेतली आणि गणिताच्या भरवशावर वापरणाऱ्याकडे सोपवली.

अमीबाची कॅपेबिलिटी १२८ बिटांची. त्यातले ४८ बिट सर्व्हर कोणता हे सांगतात, २४ बिट त्याच्याकडचा ऑब्जेक्ट कितवा ते, ८ बिट कोणकोणत्या क्रियांची मुभा आहे ते, आणि उरलेले ४८ बिट पडताळणीचे. ऑब्जेक्ट निर्माण होताना सर्व्हर एक यादृच्छिक आकडा काढतो, आपल्या तक्त्यात लिहितो आणि तोच मालकाच्या कॅपेबिलिटीत घालतो. मालकाला एखाद्याला फक्त वाचण्यापुरती मुभा द्यायची झाली, तर तो सर्व्हरकडे तशी मागणी करतो. सर्व्हर मूळ आकडा आणि नवी मुभा यांचे मिश्रण करून ते एका एकतर्फी फंक्शनमधून काढतो. उत्तर हाच नव्या कॅपेबिलिटीचा पडताळणी आकडा. ती कॅपेबिलिटी घेऊन कोणी आले की सर्व्हर हेच गणित पुन्हा करून ताळा पाहतो. मुभेचा एक बिट जरी कोणी परस्पर बदलला, तरी ताळा चुकतो. नुसत्या अंदाजाने आकडा ठोकायचा, तर शक्यता सुमारे २८१ लाख कोटी. दिलेल्या सगळ्या परवानग्या रद्द करायला तक्त्यातला आकडा बदलला की झाले. कोणाकडे काय आहे याची यादी ठेवण्याची गरजच नाही, आणि म्हणूनच कोणाकडे काय आहे हे कोणाला सांगताही येत नाही. ही तिची उघडी बाजू.

अमीबाचे एक अपत्य तिच्याहून कितीतरी मोठे झाले. ॲमस्टरडॅमच्याच सीडब्ल्यूआय संस्थेत अमीबावर काम करणाऱ्या गिडो व्हॅन रॉसम यांना तिच्यासाठी सी आणि शेल यांच्या अधलीमधली एक भाषा हवी होती. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांनी ती लिहायला घेतली. तिचे नाव पायथन.

त्या दशकात अशा प्रणालींचे पेव फुटले होते. एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांची आर्गस, इलिनॉय विद्यापीठात रॉय कॅम्पबेल यांची सी++ मध्ये लिहिलेली चॉइसेस, ग्रेनोबलची गाइड, फ्रान्समध्येच कोरस कर्नलवर बसवलेला कूल हा थर. यांतल्या बहुतेकींनी आधीच्या कल्पनांची नवी जुळणी केली. फ्रान्सच्या इन्रियातल्या मार्क शापिरो यांची एक मांडणी मात्र वेगळी काढण्याजोगी आहे. १९८६ मध्ये त्यांनी म्हटले की दूरच्या ऑब्जेक्टशी थेट बोलूच नये; त्या ऑब्जेक्टनेच आपला एक प्रतिनिधी, म्हणजे प्रॉक्सी, वापरणाऱ्याच्या यंत्रावर धाडावा. तो नुसता निरोप्या नसेल. माहितीची प्रत जवळ ठेवून काही उत्तरे तो जागच्या जागी देईल, आणि मूळ सेवेशी कसे बोलायचे हे त्याचे खासगी प्रकरण राहील.

सन मायक्रोसिस्टीम्सच्या स्प्रिंग प्रणालीने हीच दिशा पुढे नेली. जेम्स मिचेल, ग्रॅहम हॅमिल्टन, युसेफ खालिदी, मायकेल नेल्सन, संजय रडिया आदींच्या चमूने १९९० च्या दशकाच्या आरंभी ती पूर्णत्वाला नेली. फाइलपासून मेमरीपर्यंत प्रत्येक सेवेचा इंटरफेस एका वेगळ्या वर्णनभाषेत लिहायचा आणि अंमलबजावणी कोणत्याही भाषेत करायची, हा तिचा नियम. शिवाय कॉल पोहोचवण्याची रीतही प्रत्येक ऑब्जेक्टने स्वतः निवडायची: एकाच्या चार प्रती असतील, दुसरा सर्व्हर कोसळला तर पुन्हा जोडून घेईल. अभियांत्रिकीच्या दृष्टीने या परंपरेतले हे सर्वांत पक्के काम म्हणायला हरकत नाही. पण ते युनिक्सची जागा घेऊ शकले नाही. स्प्रिंगमधली डोअर ही कॉलची सोय सोलारिसमध्ये गेली, बाकी प्रकल्प मिटला.

इथे मूळ गृहीतकावरच घाव बसला, तोही सनच्याच प्रयोगशाळेतून. नोव्हेंबर १९९४ मध्ये जिम वॉल्डो, जेफ वायंट, ॲन वोलराथ आणि सॅम केंडल यांनी एक टिपण काढले. जवळचा आणि दूरचा ऑब्जेक्ट सारखाच दिसावा हा आग्रहच चुकीचा, असा त्यांचा निष्कर्ष होता. वेळेतला फरक हे एक कारण. पण ते चतुर कंपायलरने किंवा वेगवान नेटवर्कने सौम्य होईल. मेमरीचे पत्ते दुसरीकडे चालत नाहीत, हेही प्रयत्नाने सावरता येते. न सावरता येणारी गोष्ट म्हणजे अर्धवट बिघाड. एका यंत्रात बिघाड झाला तर सगळेच थांबते. नेटवर्कवर एक भाग थांबतो आणि दुसऱ्याला कळतही नाही. उत्तर आले नाही म्हणजे काम झाले नाही, की झाले आणि उत्तर वाटेत हरवले? पैसे वळते करणाऱ्या कॉलच्या बाबतीत हा फरक जीवघेणा आहे. टिपणात एनएफएस या फाइल व्यवस्थेचा दाखला होता. दूरची फाइल स्थानिकच भासवल्यामुळे सर्व्हर पडला की दोनच पर्याय उरत: प्रोग्रॅमने अनंत काळ अडकून बसायचे, नाहीतर फाइलकडून ज्या चुका कधी येतच नाहीत अशा समजुतीने तो लिहिलेला आहे त्या झेलायच्या.

टीका वर्मी लागणारी होती, पण ऑब्जेक्ट तिने मेले नाहीत. ते ऑपरेटिंग सिस्टीममधून बाहेर पडले आणि तिच्यावरच्या थरात राहायला गेले. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप १९८९ मध्ये स्थापन झाला होता. त्याचे कोर्बा हे मानक १९९१ मध्ये आले. त्यामुळे युनिक्स, विंडोज, मेनफ्रेम यांपैकी काहीही न बदलता त्यांच्यातल्या ऑब्जेक्टना एकमेकांशी बोलता येऊ लागले. बँका आणि टेलिफोन कंपन्यांना हेच हवे होते. त्यांना नवी ऑपरेटिंग सिस्टीम नको होती, असलेल्या पाच जुळवायच्या होत्या. संशोधकांना हे उशिरा उमगले. मायक्रोसॉफ्टलाही. क्लाउड्सचे ऑल्चिन तिथे पोहोचले होते आणि कैरो या ऑब्जेक्टवर आधारलेल्या महत्त्वाकांक्षी प्रणालीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. कैरो पूर्ण रूपात कधीच बाजारात आली नाही. तिचे तुकडे विंडोज एनटीच्या पुढच्या आवृत्त्यांत मुरले. दूरच्या ऑब्जेक्टसाठी कंपनीने १९९६ मध्ये डीकॉम दिले. त्यात वापरणारा जिवंत आहे हे कळावे म्हणून दर दोन मिनिटांनी खुणेचा संदेश जाई. लागोपाठ तीन चुकले की तो गेला असे धरले जाई.

जावाच्या आरएमआयमध्ये टीकेचा थेट परिणाम दिसतो. १९९७ मध्ये जेडीके १.१ सोबत ती आली, आणि तिच्या रचनेत वॉल्डो आणि वोलराथ स्वतः होते. दूरचा ऑब्जेक्ट इथे तसा जाहीर करावा लागतो आणि त्याच्या प्रत्येक क्रियेला रिमोट एक्सेप्शन हा बिघाड लिहून ठेवावा लागतो. कॉलभोवती बिघाडाची तजवीज केल्याशिवाय कंपायलर प्रोग्रॅम पुढे जाऊ देत नाही. अनेक प्रोग्रॅमर तो एक्सेप्शन पकडून नुसता गिळून टाकत, ही वेगळी गोष्ट.

याच काळात बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या प्रणालीने अगदी उलटी वाट धरली होती. प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतंत्र इंटरफेस देण्याऐवजी तिने सगळ्यांनाच फाइल केले: उघडा, वाचा, लिहा, बंद करा. प्रणाली म्हणून प्लॅन ९ सुद्धा पसरली नाही. मोजक्या क्रिया आणि अमर्याद पत्ते हाच बेत पुढे वेबने यशस्वी केला आणि इंटरनेटवर कोर्बासारख्या व्यवस्थांना फारशी जागा उरली नाही. वेगवेगळ्या संस्थांच्या यंत्रांना जोडायचे असेल तेव्हा कमी क्रियांचा करार टिकाऊ ठरतो, कारण दोन्ही टोके एकाच वेळी बदलता येत नाहीत.

एका यंत्राच्या आत मात्र ऑब्जेक्ट ऑपरेटिंग सिस्टीममध्ये परतले. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालते आणि स्थान, कॅमेरा, सूचना अशा सेवांशी बाइंडरमार्फत बोलते. बाइंडरची मुळे बी इन्कॉर्पोरेटेड आणि पामसोर्स या कंपन्यांतल्या ओपनबाइंडरमध्ये आहेत. त्यात दुसऱ्या प्रोसेसमधल्या ऑब्जेक्टचे निर्देश कर्नल सांभाळतो, त्यामुळे ते बनावट करता येत नाहीत, आणि वापरणाऱ्याच्या बाजूला प्रॉक्सी असते. पलीकडची प्रोसेस मेली तर कळवावे, अशी नोंदही करता येते.

नेटवर्कवरच्या ऑब्जेक्टची परंपरा आता मोठ्या डेटा सेंटरमध्ये चालते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातून आलेली आणि २०१५ मध्ये खुली केलेली ऑर्लीन्स ही तिथली ठळक प्रणाली. हेलो ४ या खेळाच्या मागच्या सेवा तिच्यावर उभारल्या होत्या. तिच्यात प्रत्येक खेळाडू किंवा सामना हा नाव असलेला ऑब्जेक्ट असतो. तो निर्माण करावा लागत नाही आणि नष्टही करावा लागत नाही. नावाने कॉल आला की शेकडो यंत्रांपैकी एकावर तो जागा होतो, काम नसेल तेव्हा मेमरीतून काढला जातो, आणि यंत्र कोसळले तर पुढच्या कॉलला दुसरीकडे उभा राहतो. ईजेक्टची जुनी रीत ती हीच. कॉल मात्र असिंक्रोनस असतो: करणारा तिथेच थांबत नाही, उत्तर येईल तेव्हा घेतो, आणि वेळेत आले नाही तर तसे त्याला सांगितले जाते.